कामानिमित्त मुंबईस जाताना

(जिल्ह्यातील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेले दोन दिवस आपण योजना, अनुदाने, लेखापरीक्षण अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने ऐकलीत. माझा विषय त्या मानाने साधा आहे. गावातील माणूस मुंबईस निघाला की तो प्रथम आपल्याकडे येतो. सरपंचांकडे येतो, कारण त्याला दाखला किंवा पत्र हवे असते. गुरुजींकडे येतो, कारण त्याला पत्ता नीट लिहून हवा असतो. दाखला आणि पत्ता आपण देतोच. परंतु त्या माणसाने गाडीतून उतरल्यावर काय करावे, हे मात्र आपण त्याच्या नशिबावर सोपवतो. मुंबई पाहून सुखरूप परतलेल्यांच्या गोष्टी गावभर होतात. जो फसला, जो हरवला, तो सहसा बोलत नाही.

पहिला प्रश्न असा की, जाणे खरोखर आवश्यक आहे काय? माहिती खात्यातील माणसाने हे सांगावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या कामाचा निर्णय तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावयाचा आहे, त्यासाठी मंत्रालयात दिलेला अर्ज फिरून त्याच कार्यालयात येतो. मध्यंतरी अर्जदाराचे दोन-तीन हजार रुपये आणि चार दिवसांची मजुरी गेलेली असते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. दाखले व परवाने विहित मुदतीत मिळावेत म्हणून २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. मुख्यमंत्री साहाय्यता निधीसाठी रुग्णाच्या नातेवाइकांना पूर्वी मुंबईस खेपा घालाव्या लागत. २०२५ पासून त्यासाठी जिल्हा पातळीवर कक्ष उघडण्यात आले आहेत. आधी येथे विचारावे, मग गाडीचे तिकीट काढावे.

जाणे ठरलेच, तर दिवस पाहून जावे. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून शासकीय कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा आहे. शुक्रवारी रात्री गाडीत बसून शनिवारी सकाळी मंत्रालयासमोर उभे राहिलेले शिष्टमंडळ मी स्वतः पाहिले आहे; त्यांच्याजवळ हार होता, नारळ होता, निवेदनाच्या पाच प्रती होत्या. तसेच १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास होते. हिवाळ्यात ते चालू असता मंत्रिमहोदय आणि त्यांच्या कार्यालयांतील बरेच अधिकारी तिकडे असतात. अशा वेळी मुंबईस जाणे म्हणजे यजमान परगावी असता पाहुणचारास जाण्यासारखे आहे.

आता प्रवासाकडे वळू. आपल्याकडून, म्हणजे मराठवाड्यातून, जाणाऱ्या गाड्या कल्याण, ठाणे, दादर या मार्गाने मुंबईत शिरतात. मुंबई हे एकच स्थानक नाही. ज्याला आपले वडीलधारे अद्याप व्ही.टी. किंवा बोरीबंदर म्हणतात, ते १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. फलकांवर त्याचे ‘सीएसएमटी’ असे संक्षिप्त रूप दिसते. एल्फिन्स्टन रोड २०१८ पासून प्रभादेवी आहे. कुर्ला स्थानक आणि लोकमान्य टिळक टर्मिनस ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. मुंबई सेंट्रल आणि सीएसएमटी यांचाही एकमेकांशी काही संबंध नाही. पत्ता लिहून देणाऱ्याने जुने नाव व नवे नाव अशी दोन्ही लिहावीत. रस्त्यावरचा माणूस जुने सांगतो, फलक नवे सांगतो. दादरला मध्य व पश्चिम अशा दोन्ही रेल्वे आहेत. पूर्वी तेथे एकाच क्रमांकाचे दोन-दोन फलाट असत. डिसेंबर २०२३ पासून ही अडचण दूर झाली. आता पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक आहेत. कोणी जुन्या आठवणीने ‘मध्य रेल्वेचा तीन नंबर’ असे सांगितले, तर ते आता चालणार नाही.

लोकलविषयी मात्र मला जरा विस्ताराने बोलावयाचे आहे, कारण माणसे दगावतात ती तेथे. मुंबई उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात. त्यांतील फार मोठा भाग रूळ ओलांडणाऱ्यांचा आणि चालत्या गाडीतून पडणाऱ्यांचा असतो. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले, हे आपण वृत्तपत्रांत वाचले असेल. ते तर रोजचे प्रवासी होते. नवख्या माणसाने दारात उभे राहण्याचे कारणच नाही. आणि पूल दूर आहे म्हणून रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमान्वये गुन्हा आहे. दंड परवडेल, परंतु आपल्या गावात बैलगाडीच्या बेताने रस्ता ओलांडावयास शिकलेल्या माणसाला येणाऱ्या लोकलचा वेग डोळ्यांनी कळत नाही.

लोकल दोन प्रकारच्या. धिमी प्रत्येक स्थानकावर थांबते. जलद मोजक्या स्थानकांवर थांबते. फलाटावरील दर्शकावर गाडीचे शेवटचे स्थानक, ती धिमी की जलद आणि किती मिनिटांत येणार, हे दाखवलेले असते. पण आपले स्थानक त्या गाडीच्या वाटेवर आहे की नाही, हे दर्शकावरून नवख्याला उमगत नाही. ते शेजारच्यास विचारावे. दुसऱ्या वर्गाचे तिकीट असता प्रथम श्रेणीच्या डब्यात चढू नये. रिकामा दिसला म्हणून आपला माणूस नेमका त्यातच चढतो आणि पुढे दंड भरतो. वातानुकूलित लोकलचे तिकीटही वेगळे असते. महिलांचे डबे वेगळे, दिव्यांगांचा डबा वेगळा, आणि मोठी ओझी असतील तर मालडबा असतो. पोते, ट्रंक, तेलाचा डबा घेऊन साध्या डब्यात शिरणाऱ्यास जे ऐकावे लागते ते येथे सांगण्यासारखे नाही. सकाळी शहराकडे जाणाऱ्या आणि सायंकाळी शहराकडून सुटणाऱ्या गाड्या मुले-म्हातारी बरोबर असता टाळाव्यात. दुपारी बारा ते चार या वेळात तीच लोकल बरीच माणसाळलेली असते.

स्थानकावर गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. म्हणून उतरण्याची तयारी एक स्थानक आधी करावी लागते. पुढे उभ्या असलेल्यास ‘दादर उतरणार का?’ असे विचारावे. तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे राहावे, ‘नाही’ म्हणाला तर जागा मागून पुढे जावे. हा तेथील अलिखित नियम आहे आणि मुंबईकर तो इमानाने पाळतात. मी नोकरीस लागलो त्या वर्षी अंधेरीस जाण्यासाठी दादरहून सायंकाळची विरार जलद पकडली. ती अंधेरीस थांबत होती. मी मात्र उतरू शकलो नाही. दारातील मंडळींनी मला थेट बोरिवलीपर्यंत नेले आणि वाटेत, जवळ जायचे असता विरार गाडीत का चढलो, याबद्दल चांगलीच हजेरी घेतली. त्यांचे म्हणणे बरोबर होते. लांब जाणाऱ्या गाडीत जवळ जाणाऱ्याने शिरू नये.

हे झाले हसण्यावारी नेण्यासारखे. दुसरा अनुभव तसा नाही.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. २००४ साली त्यांना परळच्या एका रुग्णालयात दाखल केले होते. मावशी कल्याणला राहत असे. सायंकाळी मी आणि आई दादरहून कल्याणकडे निघालो. मी आईला म्हणालो, “तू बायकांच्या डब्यात चढ, मी शेजारच्या डब्यात चढतो.” मी चढलो. आईला चढता आले नाही. गाडी सुटली तेव्हा फलाटावर, पिशवी पोटाशी धरून उभी असलेली ती मला दिसली. मी कुर्ल्यास उतरलो आणि उलटी गाडी पकडून दादरला आलो, तो आई तेथे नव्हती. माझ्या मागोमाग जावे म्हणून ती पुढच्या गाडीत बसली होती. तिच्याजवळ फोन नव्हता. आई कधी एकटी तालुक्यालाही गेलेली नव्हती. मी रात्री दहापर्यंत दादरचे सगळे फलाट पाहिले. जिन्यांखाली पाहिले. पोलिसांना विचारले. वडिलांना उद्या काय सांगावे, हा एकच विचार डोक्यात होता.

आई बसली होती ती गाडी ठाण्यापर्यंतच जाणारी होती. ठाण्यास डबा रिकामा झाला, तरी ती बसून राहिली. उतरता उतरता एका बाईने मागे वळून विचारले, “मावशी, कुठे जायचं तुम्हाला?” आईने पदराची गाठ सोडली. तिच्यात वडिलांनी दुपारी अंथरुणावर बसून लिहिलेली चिठ्ठी होती: आईचे नाव, आमचे गाव, मावशीचा पत्ता आणि शेजाऱ्यांच्या घरचा दूरध्वनी क्रमांक. त्या बाईने तिला स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात नेले, फोन लावून घेतला आणि मावशीचे यजमान येईपर्यंत ती आईजवळ बसून राहिली. त्या बाईचे नाव आम्हांस कधी कळले नाही. मी शेवटी दादरच्या एका टेलिफोनच्या टपरीवरून कल्याणला फोन केला, तेव्हा आईचे जेवण चालू होते.

म्हणून माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. गुरुजन हो, ती चिठ्ठी आपण लिहून देत चला. आज सर्वांकडे मोबाईल आहे हे मला ठाऊक आहे. परंतु मोबाईल हरवतो, त्याची बॅटरी संपते आणि गर्दीत तो चोरीस जातो. लोकलच्या दारात वा खिडकीत फोन हाती धरला, तर रुळांलगत उभा असलेला चोर हातावर काठीचा फटका मारून तो पाडतो. मुलाचा क्रमांक म्हाताऱ्या माणसाला पाठ नसतो. तो फोनमध्ये असतो. कागद खिशात किंवा पदरात असावा, पिशवीत नव्हे. पिशवी जाऊ शकते. आणि घरातून निघतानाच ठरवावे: ताटातूट झाली तर जो मागे राहिला त्याने तेथेच थांबावे, आणि जो पुढे गेला त्याने पुढच्या स्थानकावर उतरून परत यावे. आम्ही हे ठरवले नव्हते, म्हणून मी मागे गेलो आणि आई पुढे गेली. कोणी भेटलेच नाही, तर पोलिसांसाठी ११२ आणि रेल्वेसाठी १३९ हे क्रमांक आहेत.

स्थानकांच्या जिन्यांवर थांबू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी पाऊस आला म्हणून एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर माणसे थबकली, मागून गर्दी येत राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. बरोबरच्यांची वाट पाहावयाची ती खाली, मोकळ्या जागी.

रस्त्यावरील वाहनांविषयी थोडक्यात सांगतो. पश्चिमेस वांद्रे व पूर्वेस शीव यांच्या दक्षिणेस रिक्षा नाहीत. तेथे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये आहे, आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट. मीटर पाडल्याशिवाय बसू नये आणि ‘किती घेणार?’ असे विचारू तर कधीच नये. त्या प्रश्नातच आपण नवखे असल्याचे कळते. बेस्टच्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये दुप्पट झाले. साध्या गाडीस १० व वातानुकूलित गाडीस १२ रुपये. तरीही ज्याला घाई नाही त्याला शहर दाखवणारे याहून स्वस्त वाहन नाही. बसच्या कपाळावर क्रमांक देवनागरी अंकांत असतो, ही आपल्यासाठी मोठीच सोय आहे. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी भुयारी मेट्रो पूर्ण धावू लागली आहे. सीएसएमटीहून तिसरे स्थानक विधान भवन. तेथून मंत्रालय पायी काही मिनिटांवर आहे. सीएसएमटीवरून शेअर टॅक्सीही मिळते.

मंत्रालयाच्या दाराशी मात्र धीर हवा. सर्वसामान्य अभ्यागतांना दुपारनंतर प्रवेश मिळतो. छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते. २०२५ पासून ‘डिजिप्रवेश’ या अ‍ॅपवर मोबाईलद्वारे नोंदणी करावी लागते. ज्यांना ते जमत नाही त्यांना प्रवेशद्वाराजवळच्या खिडकीवर साहाय्य मिळते. कोणत्या विभागात, कोणत्या कार्यासनाकडे जावयाचे ते आधी माहीत असावे. निवेदन एका पानाचे असावे, त्यावर गाव, तालुका, जिल्हा व दूरध्वनी क्रमांक असावा, आणि प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत फिरू नये. साहेब भेटले नाहीत तरी पोच भेटली पाहिजे. पुढे पाठपुरावा करावयाचा तो तिच्यावरील क्रमांकानेच.

मंत्रालयाच्या मधल्या चौकात २०१८ मध्ये एक जाळी बसवावी लागली. निराश झालेल्या माणसांनी वरून उडी घेऊ नये म्हणून ती आहे. ती आम्हां शासकीय सेवकांना काय सांगते, याचा विचार आम्ही करावयाचा आहे. आपण एवढेच करावे की, कोणास एकट्यास, अर्धवट कागदांनिशी आणि शेवटची आशा म्हणून तेथे पाठवू नये.

फसवणारेही अशाच माणसाची वाट पाहत असतात. ‘माझी आत ओळख आहे’, ‘मुलाला शिपाई म्हणून लावतो’, ‘फाईल आजच सही करून आणतो’ असे सांगणारा इसम चहाच्या टपरीवर भेटतो, आपल्याच तालुक्याची बोली बोलतो आणि कधी कधी नेमणुकीचा छापील आदेशही आणून देतो. शासकीय नेमणूक जाहिरात, परीक्षा व निवड यादी यांवाचून होत नाही. जमीन विकून दिलेले पैसे असे गेल्याची तक्रार घेऊन माणसे आमच्या कार्यालयात येतात, तेव्हा आमच्या हाती त्यांना पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवण्यापलीकडे काही नसते.

रुग्णास नेणाऱ्यांसाठी स्वतंत्र व्याख्यान हवे. १९२६ चे के.ई.एम. आणि १९४१ चे टाटा स्मारक रुग्णालय ही दोन्ही परळला, स्थानकाच्या पूर्वेस आहेत. मध्य रेल्वेने परळला आणि पश्चिम रेल्वेने प्रभादेवीला उतरावे. दोन्ही स्थानके पादचारी पुलाने जोडलेली आहेत. वाहनांचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला, त्यामुळे टॅक्सीला वळसा पडतो. बाह्यरुग्ण विभागाचे केसपेपर सकाळी निघतात, म्हणून आदल्या रात्री पोहोचणे इष्ट. पूर्वीचे सर्व कागद, तपासण्यांचे अहवाल, शिधापत्रिका आणि आधारपत्र यांच्या मूळ प्रती व झेरॉक्स बरोबर असाव्यात. रुग्णालयाचा समाजसेवा विभाग कोठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. आर्थिक साहाय्याची वाट तेथून जाते, बाहेर उभ्या असलेल्या मध्यस्थाकडून नाही. राहण्यासाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि कर्करोगाच्या शेकडो कुटुंबांनी तेथे दिवस काढले आहेत. जागा मिळेलच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी. फलाटावर किंवा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मुक्काम करण्याची वेळ आपल्या माणसावर येऊ नये.

जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्याने हवामानाबरोबर भरतीचीही वेळ पाहावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या तालुक्यात सबंध वर्षात याहून कमी पडतो. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी समुद्रात जात नाही, रस्त्यांवर साचते आणि लोकल थांबतात. अशा वेळी आहे तेथे थांबावे. साचलेल्या पाण्यातून चालण्याचा हट्ट करू नये. खाली गटाराचे झाकण उघडे आहे की नाही ते वरून दिसत नाही. महानगरपालिकेच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १९१६ आहे.

सहली नेणाऱ्या शिक्षकांना दोन-तीन सूचना. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, राणीची बाग बुधवारी बंद असते. चाळीस मुले दारातून परत नेण्याचे दुःख ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. गेटवेवरून लाँचमध्ये बसताना प्रत्येक मुलाच्या अंगात जीवरक्षक जाकीट चढवून घ्यावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस जाणाऱ्या बोटीस अपघात होऊन माणसे बुडाली. नावाडी कंटाळला तरी हरकत नाही, जाकिटे मोजून घ्यावीत. मरीन ड्राइव्हच्या काठावरील सिमेंटच्या त्रिकोणी ठोकळ्यांवर मुलांना उतरू देऊ नये. ते शेवाळाने निसरडे असतात. कबुतरांना दाणे टाकण्यावर २०२५ पासून कारवाई होते, तेव्हा तो पुण्यसंचय गावीच करावा. आणि थुंकण्याविषयी काय बोलावे? तेथे दंड होतो म्हणून थुंकू नये असे मी सांगणार नाही; येथे दंड होत नाही तरी या सभागृहाच्या जिन्याचे कोपरे आपण येताना पाहिलेच असतील.

बाहेरच्या टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला आहे. त्यांवर नाव, गाव, मुंबईतील पत्ता, जुने व नवे स्थानक आणि दोन दूरध्वनी क्रमांक यांसाठी रकाने आखले आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने पन्नास व प्रत्येक शाळेने पंचवीस घेऊन जाव्यात. संपल्यास कार्यालयाकडे मागणी करावी. अक्षर मोठे काढावे. वाचणारा बहुधा घाईत असेल.